काजळी न धरणारा कंदील: बेंजामिन फ्रँकलिन आणि रस्त्यावरच्या दिव्यांची देखभाल

बेंजामिन फ्रँकलिन म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पतंग, किल्ली आणि कडाडणारी वीज. नाहीतर शंभर डॉलरच्या नोटेवरचा तो लांब केसांचा म्हातारा. शाळेच्या पुस्तकात आपण एवढंच वाचतो आणि पुढे जातो. मला मात्र हा माणूस आवडायला लागला तो एका भलत्याच गोष्टीमुळे. रस्त्यावरच्या दिव्याच्या काचेवर जी काजळी बसते ना, तिचा त्याने नीट विचार केला होता.

आता तुम्ही म्हणाल, मोबाइल आणि एआय सोडून हे काजळीचं काय काढलंय? पण बघा, नवीन फोन घेतला की आपण बॉक्स उघडण्याचा व्हिडिओ बघतो. दोन वर्षांनी चार्जिंगच्या भोकात साठलेला कचरा टाचणीने काढतानाचा व्हिडिओ कोण बघतं? वस्तू नवीन असताना कशी चालते हे सगळे सांगतात. ती पाचव्या वर्षीही तशीच चालावी म्हणून काय करायचं, हा देखभालीचा विषय. त्यात ग्लॅमर नाही, म्हणून त्यावर कुणी बोलत नाही. फ्रँकलिनच्या आयुष्यात मात्र हा विषय पुन्हा पुन्हा येतो.

मेणबत्तीच्या दुकानातला पोरगा

जन्म 17 जानेवारी 1706, बॉस्टन. वडील जोसाया मेणबत्त्या आणि साबण बनवायचे. मेणबत्त्या म्हणजे मेणाच्या नव्हेत, जनावरांच्या चरबीच्या. दोन लग्नांची मिळून सतरा मुलं, त्यात बेंजामिन पंधरावा. शाळा झाली जेमतेम दोन वर्षं. दहाव्या वर्षी पोरगा वडिलांच्या दुकानात कामाला लागला: वाती कापायच्या, साच्यात चरबी ओतायची, गिऱ्हाईक सांभाळायचं, निरोप पोचवायचे. त्याला ते काम अजिबात आवडायचं नाही, समुद्रावर पळून जावंसं वाटायचं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. वात, चरबी, धूर, काजळी या गोष्टी त्याने पुस्तकात वाचलेल्या नव्हत्या, हाताने हाताळल्या होत्या.

बाराव्या वर्षी थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात शिकाऊ म्हणून लागला. भावाशी पटेना, मार खावा लागे. 1723 मध्ये, सतराव्या वर्षी, तो पळाला आणि फिलाडेल्फियाला पोचला. पुढची गोष्ट भराभर सांगतो, कारण ती कुठेही मिळेल. मध्ये दोनेक वर्षं लंडनमध्ये काम, परत येऊन स्वतःचा छापखाना, 1729 मध्ये विकत घेतलेलं वर्तमानपत्र, नंतर दरवर्षी निघणारं आणि तुफान खपणारं पंचांग. 1748 मध्ये, 42 व्या वर्षी, त्याने रोजच्या धंद्यातून अंग काढून घेतलं आणि विजेच्या प्रयोगांत रमला. विजेच्या बाबतीत आपण आज जे पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह म्हणतो, ते शब्द त्याने रूढ केले. वीज साठवणाऱ्या बरण्या एकत्र जोडून त्या संचाला बॅटरी म्हणणाराही तोच. म्हणजे तुमच्या फोनच्या कोपऱ्यात जी टक्केवारी दिसते, तिच्या नावाशी या माणसाचा संबंध आहे.

एक गोष्ट झाकून ठेवत नाही. याच वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात, आणि त्याच्या स्वतःच्या घरात गुलाम होते. म्हातारपणी त्याचं मत बदललं. गुलामगिरी संपवू पाहणाऱ्या पेनसिल्व्हेनियातल्या संस्थेचा तो अध्यक्ष झाला आणि 1790 मध्ये त्याच्या सहीचा अर्ज काँग्रेसपुढे गेला. पण जाहिरातींचे पैसे त्याने घेतले होते, हेही तितकंच खरं.

स्वतःचीच सर्व्हिसिंग

तरुणपणी त्याने एक छोटी वही केली होती. स्वतःत हवे असलेले तेरा गुण लिहिले, प्रत्येकाला एक आठवडा दिला. त्या आठवड्यात त्या एका गुणावर खास लक्ष, बाकीच्यांची फक्त रोजची नोंद. चूक झाली की त्या दिवसाच्या रकान्यात काळा ठिपका. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. तेरा चोक बावन्न, वर्ष बरोबर बसतं!

कारखान्यात काम करणारं कुणी घरात असेल तर त्यांना हा तक्ता दाखवा, ते लगेच ओळखतील. मशीन बंद पडायची वाट न बघता ठरलेल्या दिवशी ठरलेला भाग तपासायचा, नोंद करायची, फेरी संपली की पुन्हा पहिल्यापासून. याला नियोजित देखभाल म्हणतात.

गंमत पुढे आहे. ठिपके खोडून खोडून वहीच्या कागदाला भोकं पडली. मग त्याने हस्तिदंती पानांची वही घेतली, रेघा लाल शाईने कायमच्या आखल्या आणि ठिपके शिसपेन्सिलीने दिले, म्हणजे ओल्या स्पंजने पुसता येतील. कायम राहणारं वेगळं, रोज बदलणारं वेगळं. मला तर ते एखाद्या अ‍ॅपच्या स्क्रीनसारखंच वाटतं. आणि हो, नीटनेटकेपणाचा गुण त्याला शेवटपर्यंत जमला नाही, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. कागद टेबलावर पसरलेले असायचे. वाचून मला फार बरं वाटलं.

आग, बादल्या आणि एक मूल

1735 मध्ये त्याने आपल्या वर्तमानपत्रात आगीवर एक पत्र छापलं. त्या काळी फिलाडेल्फियात घरोघरी शेकोट्या आणि धुराडी. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पेटते निखारे उघड्या फावड्यावरून नेऊ नका, असं त्याने लिहिलं. धुराडी वेळच्या वेळी साफ करा, म्हणजे काही आगी लागणारच नाहीत. आणि धुराडी साफ करणाऱ्यांना परवाना द्या; साफ केल्यापासून पंधरा दिवसांच्या आत धुराडं पेटलं, तर दंड घरमालकाने नाही, साफ करणाऱ्याने भरायचा. पंधरा दिवसांची सर्व्हिस वॉरंटी म्हणा ना!

पुढच्या वर्षी, नोव्हेंबर 1736 मध्ये, त्याचा चार वर्षांचा मुलगा फ्रान्सिस देवीच्या साथीत गेला. देवीची लस यायला अजून साठ वर्षं होती, पण टोचणीची जुनी पद्धत तेव्हा होती आणि फ्रँकलिन तिच्या बाजूने बोलत असे. मुलगा आधी आजारी होता, म्हणून टोचणं लांबणीवर पडलं होतं. लोकांत कुजबुज सुरू झाली की मूल टोचणीनेच गेलं. तेव्हा बापाने स्वतःच्या वर्तमानपत्रात जाहीर केलं, की टोचलं नव्हतं म्हणून गेलं. दुसऱ्या आईबापांनी त्या अफवेने घाबरून मागे हटू नये एवढ्यासाठी. ही सल त्याला आयुष्यभर राहिली.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने आणि त्याच्या दोस्तांनी युनियन फायर कंपनी काढली, तीस जणांची. प्रत्येकाने ठरावीक संख्येच्या चामड्याच्या बादल्या आणि सामान वाहून न्यायच्या पिशव्या कायम वापरण्याजोग्या स्थितीत ठेवायच्या. महिन्याला एक बैठक, गैरहजर राहिला की छोटा दंड. दंडाच्या पैशातून पुढे बंब, शिड्या, आकड्या घेतल्या. आग लागली की धावणारे लोक आधीही होतेच. आग नसताना बादली चिरलेली नाही ना, हे बघणारा नियम नवीन होता.

रस्ता झाडणाऱ्याचं एएमसी

फिलाडेल्फियाचे रस्ते रुंद आणि सरळ, पण कच्चे. पावसात चिखल, उन्हाळ्यात धूळ. फ्रँकलिनने लिहून, बोलून बाजाराजवळचा थोडा भाग दगडी फरसबंदीचा करून घेतला. लोक खूश. पण बाकीच्या कच्च्या रस्त्यांवरून आलेल्या गाड्यांच्या चाकांचा चिखल तिथे पडायचा आणि नवीन फरसबंदी पुन्हा चिखलाने भरायची. उद्घाटन झालं, झाडणार कोण?

त्याने एक गरीब, कष्टाळू माणूस शोधला. आठवड्यातून दोनदा फरसबंदी झाडायची आणि सगळ्यांच्या दारापुढची घाण उचलून न्यायची. दर घरामागे महिन्याला सहा पेन्स. मग फायदे लिहून पत्रक छापलं: घरात चिखल कमी येईल, दुकानापर्यंत गिऱ्हाईक सहज पोचेल, वाऱ्याने मालावर धूळ बसणार नाही. प्रत्येक घरी एक प्रत टाकली आणि एक-दोन दिवसांनी स्वतः सह्या गोळा करत फिरला. एकाने नाही म्हटलं नाही. आपण पाण्याच्या फिल्टरला जे एएमसी घेतो ना, वर्षाचं देखभाल कंत्राट, त्याचंच हे रस्त्याचं रूप. स्वच्छ रस्ता आठवडे दर आठवडे दिसायला लागल्यावर सगळ्या शहरात फरसबंदी हवी आणि त्यासाठी कर भरायलाही आम्ही तयार आहोत, अशी हवा झाली.

आता मुख्य गोष्ट, दिवे

फिलाडेल्फियाच्या रस्त्यावर दिवा ही कल्पना कुणाची? लोक फ्रँकलिनचं नाव घ्यायचे. तो मात्र स्वच्छ सांगतो, की श्रेय जॉन क्लिफ्टन नावाच्या नागरिकाचं. क्लिफ्टनने आपल्या दाराशी एक दिवा लावला, लोकांनी उपयोग बघितला आणि सगळं शहर उजळावं असं त्यांच्या मनात आलं. मग 1750 च्या दशकात शहरात दिवे आले. फ्रँकलिन आपल्याकडे श्रेय घेतो ते फक्त एका गोष्टीचं: दिव्याच्या आकाराचं.

पहिले दिवे लंडनहून आलेले होते. काचेचा गोल, आपल्याकडच्या वाड्यांतल्या हंड्यांसारखा. आत तेल आणि वात. दिसायला सुंदरच. पण त्यात तीन भानगडी होत्या.

खालून हवा आत यायला जागा नव्हती. वात जळते तेव्हा गरम हवा वर जाते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा यावी लागते. ती आली नाही की धूर सरळ वर निघत नाही, गोलातच घुमत राहतो आणि काचेला आतून काजळी धरते. संध्याकाळी लखलखीत लावलेला दिवा काही तासांतच मंद होतो. वात जळतेय, तेल संपतंय आणि उजेड काचेच्या आतच अडकलाय! दुसरी भानगड ओघाने आलीच: तो गोल रोज पुसायचा. एक दिवा घरी पुसणं वेगळं आणि शहरभर शिडी घेऊन रोज एकेक गोल उतरवून पुसणं वेगळं. तिसरी, चुकून एक धक्का लागला की अख्खा गोल फुटणार. सगळा दिवा बाद.

फ्रँकलिनने सुचवलं, की गोल नको, चार सपाट काचांचा चौकोनी कंदील करा. वर धूर ओढून घेणारं लांब नळकांडं, खाली हवा आत येईल अशा फटी. बस्स, एवढंच. धूर खालून येणाऱ्या हवेबरोबर वर निघून जायला लागला, काच स्वच्छ राहिली, दिवा पहाटेपर्यंत उजळ. धक्का लागलाच तर सहसा चारातली एकच काच फुटायची, तेवढी बदलली की झालं. सपाट काच खिडकीला बसवणारा कारागीरही बसवू शकतो, त्यासाठी लंडनच्या जहाजाची वाट बघायला नको.

आजीच्या घरी रॉकेलचा कंदील असेल तर एकदा उचलून बघा. बर्नरखाली बारीक भोकांची जाळी असते आणि वर टोपीला धूर जायला वाट. जाळी तेलकट धुळीने बुजली की काच काळी होते. तत्त्व तेच.

मला यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट वेगळीच वाटते. काजळी रोज पुसायला माणूस वाढवणं हा सोपा उपाय होता. फ्रँकलिनने काजळी धरूच नये असा दिवा मागितला, आणि फुटायचाच असेल तर थोडासाच फुटावा असा मागितला. आपल्या हातातले फोन बघा. मागची एक काच फुटली की दुकानदार जो आकडा सांगतो, तो ऐकल्यावर चार सपाट काचांची किंमत कळते.

पुढे अनेक वर्षं लंडनमध्ये राहताना त्याला एक कोडं पडायचं. तिथल्या व्हॉक्सहॉल या बागेतल्या गोल दिव्यांना खाली भोकं होती आणि ते दिवे स्वच्छही राहायचे. मग रस्त्यावरच्या दिव्यांना लंडनकर भोकं का पाडत नाहीत? त्याने कारण शोधलं. बागेतली भोकं हवेसाठी नव्हतीच. त्यांतून खाली लोंबणारा अंबाडीसारख्या धाग्यांचा पुंजका पेटवला की वात झटकन पेट घ्यायची, त्यासाठी ती होती. फायदा आयता मिळत होता, पण तो कशामुळे मिळतोय हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. म्हणून रात्र थोडी पुढे सरकली की लंडनचे रस्ते अंधारे.

आजचा दिवा काजळी धरत नाही, मग?

एलईडीला धूर नाही, वात नाही. तरीही काच मळतेच. धूळ, गाड्यांचा धूर, पावसाळ्यात आत शिरलेले किडे. शिवाय एलईडी जुन्या बल्बसारखा फट्दिशी जात नाही, हळूहळू मंद होतो. त्याच्या आयुष्याचा आकडा बहुतेक वेळा उजेड मूळच्या 70 टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो. म्हणून रस्त्याचे दिवे आखताना इंजिनिअर नवीन दिव्याचा उजेड धरत नाहीत. काच मळल्यावर आणि दिवा म्हातारा झाल्यावर किती उरेल, तो आकडा धरतात. त्या गुणोत्तराला देखभाल गुणांक म्हणतात. यातली मेख अशी, की गणित करताना ठरावीक काळाने काच पुसली जाणार हे गृहीत धरलेलं असतं. पुसली नाही तर आराखडा कागदावर बरोबर आणि रस्ता अंधारा.

सोडियमच्या पिवळ्या दिव्यांच्या काळात अनेक शहरांत एक पद्धत होती: ठरलेले तास भरले की एका रस्त्याचे सगळे दिवे एकदम बदलायचे, चालू असलेलेसुद्धा, आणि त्याच फेरीत काचा पुसायच्या. चालू दिवा काढणं उधळपट्टी वाटते. पण शिडीची गाडी आणि माणसं एका दिव्यासाठी पुन्हा पुन्हा पाठवणं बल्बपेक्षा महाग पडतं.

आता रस्त्याकडेच्या पेटीतलं सिमकार्ड नियंत्रण कक्षाला कळवतं, की अमुक लाइनवर वीज कमी खेचली जातेय, म्हणजे काही दिवे बंद आहेत. छानच आहे. पण मळलेला दिवा तेवढीच वीज खेचतो जेवढी स्वच्छ दिवा! स्क्रीनवर सगळं हिरवं आणि खाली सायकलवाल्याला खड्डा दिसत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असाच एक दिवा आहे, कव्हरमध्ये मेलेल्या किड्यांचा थर. मी तक्रार टाकली. दिवा सुरू आहे असं उत्तर आलं आणि तक्रार बंद झाली. दिवा सुरू होता, यात खोटं काहीच नव्हतं.

पैसे कोण देणार?

रात्रीच्या पहाऱ्याबद्दल फ्रँकलिनचं एक गाऱ्हाणं होतं. फिलाडेल्फियात पहाऱ्याला यायचं नसेल तर वर्षाला सहा शिलिंग भरायचे. त्या पैशातून नेमलेले लोक बरेचदा पीत बसायचे, ते एक सोडा. पण जिची सगळी मालमत्ता पन्नास पौंडांचीही नाही अशी गरीब विधवा सहा शिलिंग देणार आणि ज्याच्या गोदामात हजारो पौंडांचा माल आहे तो व्यापारीही सहाच शिलिंग देणार? कर मालमत्तेच्या प्रमाणात घ्या आणि कामाची माणसं कायमची नेमा, असं त्याने मांडलं. लगेच कुणी ऐकलं नाही, काही वर्षांनी कायदा झाला. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या पावतीवर दिवाबत्ती कर अशी ओळ असते. पुढच्या वेळी घरी पावती आली तर ती बघा, आणि त्या पैशात पुसायचा खर्च धरलाय का, हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

उजेडाचा हिशोब तो शेवटपर्यंत मांडत राहिला. 1784 मध्ये, पॅरिसमध्ये अमेरिकेचा प्रतिनिधी असताना, त्याने तिथल्या वर्तमानपत्रात एक थट्टेचं पत्र लिहिलं. आव असा, की सकाळी सहाला अचानक जाग आली आणि सूर्य उगवल्याबरोबर उजेड देतो असा मोठा शोध लागला! मग आकडेमोड: एक लाख कुटुंबं, उन्हाळ्यातल्या 183 रात्री, रोज सात तास मेणबत्त्या. लोक लवकर उठले तर वर्षाला 9 कोटी 60 लाखांहून जास्त लिव्र वाचतील. वाती कापणारा पोरगा 78 वर्षांचा झाला होता आणि मेणबत्त्यांचा हिशोब अजून विसरला नव्हता.

17 एप्रिल 1790 रोजी फिलाडेल्फियात तो गेला. मृत्युपत्राच्या पुरवणीत त्याने बॉस्टन आणि फिलाडेल्फियाला प्रत्येकी एक हजार पौंड ठेवले होते, दोनशे वर्षांच्या अटीवर. पहिली शंभर वर्षं ते पैसे तरुण कारागिरांना पाच टक्क्यांनी कर्जाऊ द्यायचे. मग मोठा हिस्सा पूल, पाण्याचे नळ, फरसबंदी अशा लोकांच्या कामांवर खर्च करायचा, उरलेला पुन्हा शंभर वर्षं फिरवायचा. बॉस्टनमध्ये त्या पैशातून तंत्रशिक्षणाची एक शाळा उभी राहिली, ती 1908 मध्ये सुरू झाली. 1990 मध्ये मुदत संपली तेव्हा बॉस्टनच्या खात्यात सुमारे पन्नास लाख डॉलर होते, फिलाडेल्फियाच्या खात्यात सुमारे वीस लाख.